मूळव्याधीच्या आडून

दिवाळीच्या फराळाशी हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. मी मॅट्रिक शिकलेला मास्तर. वैद्यकी सांगण्याचा मला अधिकार नाही, पण इतिहास सांगायला हरकत नसावी.

मूळव्याध हा शब्द आपल्याकडे फार ऐसपैस झाला आहे. शौचावाटे रक्त दिसले की मूळव्याध, आणि बाजारातून आणलेली पुडी! पूर्वी असे नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाला दुसरा अध्याय आहे, तर अर्बुदाचा, म्हणजे गाठीच्या रोगाचा, विचार अकराव्यात स्वतंत्र केला आहे. जुन्यांनी दोन खण पाडले; आपण मधली भिंतच काढली.

मुंबईत परळला टाटांचे कर्करोग रुग्णालय उघडले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. आमचा किनवट तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात. मुंबई आम्हांला लंकेइतकीच दूर! पुढे १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली. रोगी दारी येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते खेडोपाडी गेले, लोकांना लक्षणे समजावून सांगू लागले. मला हे काम मोठमोठ्या इमारतींहून थोर वाटते.

खेड्यांत आतड्याचा कर्करोग शहरांहून कमी आढळतो. पण कमी म्हणूनच त्याची शंका कोणाला येत नाही. शौचाची जन्माची सवय मोडते. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. जाऊन आले तरी पोट साफ वाटत नाही. रक्त कधी लाल, कधी मळात मिसळून काळपट. सर्वांत फसवे दुखणे उजवीकडच्या मोठ्या आतड्याचे. तिथले रक्त बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. माणूस नुसता पांढराफटक पडतो, चार पायऱ्यांत धापा टाकतो, सदरा सैल होतो. घरचे म्हणतात, वय झाले. पन्नाशीपुढच्या माणसाचे रक्त कारणावाचून कमी होत असेल, तर ते जाते कुठे हे डॉक्टरांकडून शोधून घेतलेच पाहिजे. बरे, मूळव्याध खरोखरच असली म्हणून हा रोग होत नाही, असेही नाही.

त्याची सुरुवात बहुधा आतड्यातल्या एका लहानशा मोडापासून होते आणि कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर हिरोमी शिन्या यांनी पोट न फाडता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून असा मोड काढला. तशी दुर्बीण आता नांदेडलाही आहे, आणि किनवटहून नांदेडला आगगाडी जाते.