जॉन्सनची पावले आणि तारेचे वेटोळे

उंबरठा ओलांडायचा तो ठरलेल्या पावलांनी, ठरलेल्या पायाने. हिशेब चुकला की मागे फिरून पुन्हा आरंभ. इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांची ही रीत बॉस्वेलने १७९१ च्या चरित्रात टिपली आहे. वर्गात आम्ही ती थोरांची लहर म्हणूनच रंगवून सांगत आलो. इतक्या काळानंतर निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरी ‘लहर’ हा शब्द तोकडा आहे हे कळते. मराठीत अधिक नेमका शब्द आहे: मंत्रचळ. मानसोपचाराच्या मराठी लेखनातही तो रूढ आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर असाध्य मंत्रचळावर कवटीला छिद्र पाडून मेंदूतील तंतू छेदण्यापर्यंत मजल गेली होती. या शस्त्रक्रियेच्या जनकाला, एगास मोनिझ यांना, १९४९ चे नोबेल मिळाले, हे आज वाचवत नाही.

कवटी न उघडता मेंदूला स्पर्श करण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. १८९६ साली पॅरिसमध्ये दार्सोनवाल यांनी विजेच्या मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवविले, तेव्हा डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकला. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर वेटोळे धरून चुंबकीय स्पंद सोडला आणि हाताचे स्नायू हलले. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेत ग्रीनबर्ग व सहकाऱ्यांनी मंत्रचळाच्या बारा रुग्णांवर हा प्रयोग केला. उजव्या अग्रभागावरील एकाच बैठकीनंतर कृतीची अनावर ओढ आठ तास उणावलेली आढळली. आठच तास! परंतु ज्याचा दिवस हात धुण्यातच सरतो, त्याला हे आठ तास काय वाटले असतील?

ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अधिक खोलवर पोहोचणाऱ्या वेटोळ्याला जोड-उपचार म्हणून अनुमती दिली. आधारभूत चाचणीत १०० रुग्ण होते. लक्षणे लक्षणीय उतरली ती खऱ्या उपचारात ३८ टक्क्यांची, लटक्या यंत्राखाली ११ टक्क्यांची. म्हणजे बहुसंख्यांना पुरेसा उतार पडला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिले आहे.

आम्हांस खिळवून ठेवतो तो त्या चाचणीतील एक तपशील. प्रत्येक बैठकीपूर्वी रुग्णाच्या मनातली नेमकी भीती मुद्दाम जागी केली जाई. दाराला कुलूप घातले होते ना, असे काहीसे. ती अस्वस्थता चढली की मग स्पंद. जॉन्सनला त्या खुर्चीत बसविले असते, तर आधी त्याला एखाद्या उंबरठ्याची आठवण करून द्यावी लागली असती, आणि एक पाऊल चुकल्याचीही.