भांड्यामागोमाग आलेली घासणी

मोरीवरच्या घासणीचा इतिहास भांड्यांच्या धातूंत शोधावा, असें आम्हांस वाटतें. तांब्यापितळेच्या घरांत चुलीची राख, चिंच आणि नारळाची शेंडी एवढी सामग्री पुरत असे. तिला निराळा दाम पडत नसे. राखेंतील क्षार ओशटपणा काढी, तिचे कण काजळी खरवडीत, आणि चिंचेच्या आम्लानें तांबें उजळे. कल्हईवर मात्र हात हलका ठेवावा लागे.

१८८६ सालीं हॉल व एरू यांनीं, एकमेकांच्या नकळत, अ‍ॅल्युमिनियम स्वस्त करण्याची रीत शोधली. मद्रासेस चॅटर्टन यांनीं १८९८ मध्यें त्याचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला. हा धातु क्षारानें काळवंडतो व झिजतो. ज्या राखेवर पिढ्यान्‌पिढ्या भांडीं निघालीं, तीच येथें वैरीण ठरली! अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें एडविन कॉक्स हा अ‍ॅल्युमिनियमचीं भांडीं दारोदार विकीत असे. त्यानें १९१७ च्या सुमारास पोलादाच्या बारीक तारांचे बोळे साबणाच्या पाण्यांत पुनःपुन्हां भिजवून वाळविले व गिऱ्हाइकांस भेट म्हणून देऊं केले. पुढें तेच विक्रीस आले.

आमच्याकडे ग्यास आला आणि राखच सरली. स्टेनलेस पोलादाला खरें पाहतां शेंडी पुरते; पण नारळ सोलून येतो, शेंडी बाजारांतच राहते. हल्लीं राख पुडींत बांधून विकतात, आणि सुशिक्षित घरें ती विकत घेतात.