बूट बदलावा की हाड कापावं?

'बनियन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो दोरीवर वाळत घातलेला गंजीफ्रॉक. पण परदेशात डॉक्टर तुमच्या पायाकडे बघून जवळपास हाच शब्द उच्चारतात, तेव्हा ते अंगठ्याबद्दल बोलत असतात. पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर रेलतो, त्याच्या बुडाशी टेंगूळ येतं आणि बूट घातला की ते दुखतं. आपल्याकडे याला सरळ "हाड वाढलंय" म्हणतात. हाड खरंच वाढलंय की जागेवरून सरकलंय, हा प्रश्न सुटायला डॉक्टरांनाही फार काळ लागला. ऑपरेशन करावं की नको, या विचारात तुम्ही असाल, तर तो इतिहास तुमच्या कामाचा आहे.

सुरुवात बुटापासून करू. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मध्ययुगीन दफनभूमींतले 177 सांगाडे संशोधकांनी तपासले आणि 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांपैकी 6 टक्क्यांमध्ये अंगठा कललेला होता. चौदाव्या-पंधराव्या शतकात हेच प्रमाण 27 टक्के झालं. मधल्या काळात लांब टोकदार बुटांची फॅशन आली होती. ती इतकी बोकाळली की 1463 मध्ये राजा चौथा एडवर्ड याने बुटाच्या टोकाची लांबी दोन इंचांच्या आत ठेवणारा कायदा केला. खेड्यातल्या गरिबांच्या दफनभूमीत हे दुखणं जेमतेम 3 टक्के होतं.

मग शरीरशास्त्रज्ञ बुटाकडे वळले. हॉलंडच्या पेट्रुस कॅम्पर यांनी 1781 मध्ये उत्तम बूट कसा असावा यावर प्रबंध लिहिला. झुरिचच्या हेर्मान फोन मायर यांनी 1858 मध्ये सांगितलं, की अंगठ्याच्या मध्यातून मागे ओढलेली रेघ टाचेच्या मध्यावर यायला हवी आणि बूट त्या रेघेवर बेतायला हवा. तोवर युरोपात डाव्या-उजव्या पायाला एकाच आकाराचे बूट वापरणंही नवलाचं नव्हतं! बूट बदलणं हा उपचार तेव्हापासूनचा आहे.

टेंगूळ म्हणजे दाबाने झालेली जादा वाढ, अशी तेव्हाची समजूत होती. 1870 च्या सुमारास जर्मन सर्जन कार्ल ह्यूटर यांनी या विकाराला 'हॅलक्स व्हॅल्गस' हे नाव दिलं आणि लक्ष सांध्याकडे वळवलं. तोवर भूल आली होती आणि लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीमुळे हाड कापणं म्हणजे मरणाला आमंत्रण राहिलं नव्हतं. 1881 मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्डां यांनी हाडाची पाचर काढून अंगठा सरळ करण्याची रीत सांगितली. 1904 मध्ये अमेरिकन सर्जन विल्यम केलर यांनी अंगठ्याच्या हाडाचा बुडाचा भागच काढायला सुरुवात केली. दुखणं कमी व्हायचं, पण अंगठा आखूड आणि दुबळा राहायचा.

1934 मध्ये न्यूयॉर्कच्या पॉल लॅपिडस यांनी आणखी मागे बोट दाखवलं. अंगठ्यामागचं लांब हाड आतल्या बाजूला सरकतं, अंगठा उलट दिशेला कलतो, आणि आपल्याला टेंगूळ वाटतं ते बरंचसं त्या सरकलेल्या हाडाचं टोकच असतं. म्हणून त्यांनी मधल्या पायातला सांधाच जुळवून पक्का केला. पुढे 1981 मध्ये इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा काप देऊन हाडाचं डोकं सरकवण्याची शेव्हरॉन पद्धत प्रसिद्ध झाली. आज शंभराहून अधिक पद्धतींची नोंद आहे. सगळ्यांना लागू पडणारी एकच पद्धत सापडली असती, तर इतक्या लागल्या नसत्या.

मग दोष बुटाचाच का? 1958 मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी चिनी लोकांचे पाय तपासले. बूट वापरणाऱ्यांत 33 टक्के, तर अनवाणी राहणाऱ्यांत 1.9 टक्के लोकांना हा विकार होता. म्हणजे बुटाचा वाटा मोठा आहे. पण बूट घालूनही बहुतेकांचे अंगठे शाबूत होते आणि अनवाण्यांतही काहींचे कललेले होते. पायाची ठेवण घराण्यातून येते. आईचा अंगठा तसा असेल, तर आपला बघावा.

आता तुमच्या निर्णयाकडे. फिनलंडमध्ये 209 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले: ऑपरेशन, बुटातला खास आधार आणि नुसती वाट पाहणं. निष्कर्ष 2001 मध्ये आले. सहा महिन्यांनी आधारवाल्यांनाही आराम होता. वर्षाअखेर मात्र फक्त ऑपरेशनवाले सरस ठरले. याचा अर्थ असा, की रुंद पंजाचा बूट, गादी, आधार यांनी दुखणं आटोक्यात येऊ शकतं, हाड जागेवर जात नाही. रात्री बांधायच्या पट्ट्याही मोठ्या माणसाचं हाड कायमचं सरळ करत नाहीत. हाड हलवतं ते ऑपरेशनच. तरी काहींचा अंगठा पुन्हा कलतो, काहींचा ताठर होतो.

त्यामुळे केवळ दिसायला बरं म्हणून हे ऑपरेशन करू नये. बूट बदलूनही रोजचं चालणं अडत असेल, तर जरूर विचार करावा. ब्रिटनच्या एनएचएसच्या सूचनांनुसार ऑपरेशननंतर 6 ते 8 आठवडे गाडी चालवायची नाही आणि 6 ते 12 आठवडे कामावर जायचं नाही. परदेशात आपल्या घरी दोघंच असतात, मुलांना शाळेत सोडायचं असतं. तारीख ठरवण्याआधी ते कोण करणार हे ठरवा. मधुमेह असेल, तर टेंगळावरची बारीक जखमही अंगावर काढू नका.

आणि एक प्रयोग आजच करा. पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात, तेव्हा कोऱ्या कागदावर उभे राहा आणि पायाभोवती पेन्सिल फिरवा. त्यावर आपला रोजचा बूट ठेवा. कागदावरचा पाय बुटाच्या बाहेर डोकावत असेल, तर सर्जनच्या आधी चपलांच्या दुकानात जा.