मराठी कळफलक आणि वृद्ध लेखक

वृद्ध माणसे संगणकापासून दूर राहिली, याचे कारण सामान्यतः त्यांच्या वयात शोधले जाते. मराठीपुरते पाहता ते लेखनपद्धतीतही शोधावे लागते.

टंकलेखनयंत्रावर अक्षर दिसते त्या क्रमाने उमटवीत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, 'क' नंतर. यंत्राला आकार कळे, उच्चार नव्हे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरविलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाने हा क्रम उलटविला. त्यात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आणि 'क', 'ख' एकाच कळीवर आहेत. बाराखडी घोकलेल्या पिढीला याहून सुबोध मांडणी मिळणे कठीण. (कचेरीत टंकलेखन करण्यात हयात गेलेल्यांना मात्र नवे शिकण्यापेक्षा जुने विसरणेच जड गेले असणार.) १९९१ च्या भारतीय मानकातही या मांडणीला स्थान मिळाले.

तरीही पुढे रूढ झाली ती रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची रीत. इंग्रजी कळफलक हाताळणाऱ्या नातवाला ती सोयीची. पण चार इयत्ता मराठीत शिकलेल्या आजीला 'आई' लिहिण्यासाठीही परकी लिपी आधी शिकावी लागे. हा अडथळा वयाचा खचितच नव्हता. २०१७ मध्ये गूगलने मराठी श्रुतलेखनाची सोय केली, तेव्हा आजीला येत होते तेवढे पुरेसे ठरले. यंत्राने चुकीचा ऐकलेला शब्द सुधारावयाचा झाला, की मात्र पुन्हा कळफलकच पुढे येतो.