स्टेनोच्या खुर्चीतून

तारीख 25 जून 1963. अलाबामा राज्यातलं गॅड्सडेन गाव, एटोवा काउंटीचं सर्किट कोर्ट. जून संपत आलाय, उकाडा मी म्हणतोय. न्यायाधीशांच्या समोर, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून तुमची खुर्ची आहे. तुम्ही कोर्टाचे स्टेनो. इथे तुम्हाला मत नाही. कानावर पडेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं, एवढंच काम.

गावात वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं चाललीत, धरपकड झालीय. ती अटक कायदेशीर आहे का, याची आज सुनावणी आहे. पिंजऱ्यात येते ती विशीतली तरुणी ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी’ या नागरी हक्क संघटनेची कार्यकर्ती आहे. 1961 साली फ्रीडम रायडर म्हणून, वर्णभेद मोडायला, बसमधून दक्षिणेत उतरलेली. सरकारी वकील उलटतपासणीला उठतात, नाव विचारतात.

“मिस मेरी हॅमिल्टन.”

“मेरी,” ते सुरू करतात, “तुला अटक कोणी केली?”

तुमचा हात थांबत नाही. थांबायचं कारणही नाही, हे रोजचंच आहे. गोरा साक्षीदार ‘मिस्टर’, गोरी बाई ‘मिस’ नाहीतर ‘मिसेस’. काळा माणूस मात्र नुसता जॉन, नुसती मेरी. वय झालं असेल तर ‘अंकल’ किंवा ‘आंटी’. वरवर जिव्हाळा, आत हिशेब: ‘मिस्टर’ म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही. शाळेतल्या शिपायाला ‘मामा’ आणि दवाखान्यातल्या आयाबाईंना ‘मावशी’ म्हणताना त्यांचं आडनाव कधी विचारावंसं न वाटणाऱ्यांना हा प्रकार फारसा परका नाही. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच, त्यामुळे एकेरीवर यायचं तर नावावरूनच यावं लागतं. वकील आले आहेत.

“माझं नाव मिस हॅमिल्टन. मला नीट संबोधा.”

“तुला अटक कोणी केली, मेरी?”

नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं ती सांगते. तिचे वकील मध्ये पडतात: साक्षीदाराचं नाव मिस हॅमिल्टन आहे. न्यायाधीश सुनावतात, प्रश्नाचं उत्तर द्या. ती पुन्हा नकार देते. कोर्टाचा अवमान! 5 दिवसांची कैद, 50 डॉलर दंड.

हे सगळं तुमच्या वहीत शब्दशः उतरलंय, आणि इथेच तिनं मोठं काम केलंय. आजवर शेकडो साक्षीदारांनी ‘मेरी’, ‘जॉन’ गिळलं आणि उत्तरं दिली. त्यांच्या जबान्यांत अपमान आहे, पण त्यावर कुणाचा निर्णय नाही. आणि निर्णय नाही म्हणजे अपील नाही. हिच्या नकारामुळे न्यायाधीशांना शिक्षा ठोठावावी लागली. आता तुमच्या वहीतल्या ओळी वरच्या कोर्टात जाऊ शकतात.

तिनं 5 दिवस तुरुंगात काढले, दंड भरला नाही. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं की रेकॉर्डप्रमाणे बाईंचं नाव मेरी हॅमिल्टन आहे, ‘मिस मेरी हॅमिल्टन’ नव्हे. नावानं हाक मारली तर बिघडलं कुठे?

पान उलटा. 30 मार्च 1964, वॉशिंग्टन. देशाचं सर्वोच्च न्यायालय ही शिक्षा रद्द करतं. युक्तिवाद ऐकले नाहीत, लांबलचक निकालपत्रही नाही. फक्त एका जुन्या खटल्याचा हवाला: ‘जॉन्सन विरुद्ध व्हर्जिनिया’, 1963. तो खटला हाक मारण्याचा नव्हताच. रिचमंडच्या वाहतूक कोर्टात एक काळा माणूस गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर बसला, उठायला तयार झाला नाही, म्हणून त्यालाही अवमानाबद्दल 10 डॉलर दंड झाला होता. तो दंड न्यायालयानं रद्द केला होता. दोन खटले शेजारी ठेवले की सांगायचं राहत नाही: वेगळा बाक आणि वेगळी हाक, दोन्ही एकाच जातीचे.

आता आणखी पुढे या, फिलाडेल्फियात, 2019 च्या आसपास. खुर्ची तीच, हातात आता स्टेनो मशीन. तुमचं प्रमाणपत्र सांगतं की तुमची अचूकता किमान 95 टक्के आहे. या शहरातल्या तुमच्यासारख्या 27 कोर्ट स्टेनोंना भाषाशास्त्रज्ञांनी काळ्या अमेरिकनांच्या बोलीतली ध्वनिमुद्रित वाक्यं ऐकवली. सरासरी 59.5 टक्के वाक्यंच बिनचूक उतरली. ‘तो त्या वस्तीत नसतो’ अशा अर्थाच्या वाक्याचं कागदावर ‘आम्ही या वस्तीत असणार आहोत’ झालं. हेच वाक्य खुनाच्या खटल्यात आलं असतं तर? आरोपी तिथे नव्हता असं सांगणारा साक्षीदार कागदावर स्वतःच घटनास्थळी जाऊन उभा राहिला असता.

तुमच्या मनात द्वेष नसेल. ही बोली तुमच्या शिक्षणात कधी आलीच नाही, आणि तिला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे हेही कुणी शिकवलं नाही. चुकीचं इंग्रजी समजून तुम्ही ती ‘दुरुस्त’ करत गेलात. आता इथे कुणी कुणाला ‘मेरी’ म्हणत नाही, सगळे ‘सर’, ‘मॅडम’. पण अपिलाच्या न्यायाधीशांना साक्षीदार दिसत नाही. त्यांना तुमचा कागद दिसतो, आणि कायद्याच्या लेखी तो माणूस तेवढंच बोलला.

गॅड्सडेनमध्ये अन्याय भर कोर्टात झाला, रेकॉर्डवर आला, म्हणून तो उलटवता आला. मेरी हॅमिल्टनला निदान कळत होतं की कुठल्या प्रश्नावर अडून बसायचं. फिलाडेल्फियातल्या साक्षीदाराला ती संधीच नाही; तुम्ही काय टाइप केलंत, हे त्याला पिंजऱ्यातून दिसत नाही.