आधी आला तो सेम्पाइ

जपानी हायस्कूल तीनच वर्षांचं. एप्रिलमध्ये शाळा सुरू होते, पंधरा वर्षांचं पोर बास्केटबॉलच्या क्लबात नाव घालतं आणि त्याच दिवसापासून एक वर्ष पुढे असलेला मुलगा त्याचा 'सेम्पाइ' होतो. हा त्याचा 'कोहाइ'. सेम्पाइ दिसला की वाकून मोठ्यानं नमस्कार करायचा, सरावानंतर चेंडू गोळा करायचे, फरशी पुसायची, आणि बोलताना वाक्याच्या शेपटीला आदराचे 'देस', 'मास' लावायला विसरायचं नाही.

यातला 'सेन' म्हणजे आधीचा, 'को' म्हणजे नंतरचा. खरी गंमत 'हाइ'मध्ये आहे (सेम्पाइमध्ये तोच 'पाइ' होतो). या चिनी अक्षराच्या पोटात चक्क रथ आहे. इ.स. 100 च्या सुमारास शू शन यानं रचलेला चिनी कोश सांगतो, की सैन्य निघालं म्हणजे शंभर रथांचा मिळून एक 'हाइ' होतो. रथांच्या तुकडीवरून रांग, रांगेवरून पिढी, पिढीवरून सोबती, असा त्याचा अर्थ पसरत गेला. म्हणजे सेम्पाइ हा आधीच्या तुकडीतला. (आपल्याही शाळांतून वर्गाची 'अ तुकडी', 'ब तुकडी' असतेच.) या शब्दात वय नाही, अक्कल नाही, मार्क नाहीत, दारातून कोण आधी आत आलं एवढंच आहे. जपानी शाळाप्रवेशाची रेघ 1 आणि 2 एप्रिलच्या मध्ये पडते. त्यामुळे एकाच साली 1 एप्रिलला जन्मलेला मुलगा 2 एप्रिलवाल्याच्या एक इयत्ता पुढे जातो. एका दिवसाची वडीलकी, आणि ती बहुधा म्हातारपणापर्यंत टिकते.

शिक्षक तो 'सेन्सेइ', अक्षरशः आधी जन्मलेला. संस्कृत वळणानं म्हणायचं तर 'पूर्वज' किंवा 'अग्रज'! हसू येईल, पण आपण वर्गात दिवसभर ज्यांना 'सर' म्हणतो, तो इंग्रजी शब्दही जुन्या फ्रेंचमधून मागे मागे जात लॅटिनच्या 'सीनियर'लाच, म्हणजे 'वयानं मोठा' या शब्दाला जाऊन भिडतो. कॉलेजातला सीनियर आणि कॉलेजातले सर एकाच घरातले.

जपानी शिकणाऱ्या मराठी मुलाला अडखळायला होतं ते वेगळ्याच जागी. आपल्या घरात 'ए दादा, दे ना' चालतं. 'दादा' म्हटलं की मान देऊन झाला, क्रियापद खुशाल एकेरी. जपानीत नुसतं 'सेम्पाइ' म्हणून सुटका नाही; वाक्याच्या शेवटाशी क्रियापदालाही वाकावं लागतं. दुसरी अडचण सर्वनामाची. पुस्तकात 'तुम्ही'साठी 'आनाता' दिलेलं असतं, मुलगा ते उत्साहानं सेम्पाइवर वापरतो आणि समोरचा चेहरा आक्रसतो. सेम्पाइला सेम्पाइच म्हणायचं, सर्वनाम टाळायचं.

'आनाता' मुळात दिशेचा शब्द: पलीकडे, त्या बाजूला. थोरामोठ्यांकडे बोट दाखवायचं नाही म्हणून दिशा सांगायची. हे मराठी कानाला परकं वाटू नये. आपल्या आज्या-पणज्या नवऱ्याचं नाव न घेता 'इकडून येणं झालं का?' म्हणतच होत्या. गंमत अशी की जपानी बायकाही नवऱ्याला 'आनाता' म्हणत आल्या. मात्र शब्द वापरून वापरून झिजला आणि आता वरच्या माणसासाठी तो चालत नाही.

झिजण्याची ही खोड आदराच्या शब्दांना फार. 'तू'साठीचा 'ओमाए' एके काळी मानाचा होता, आता तो 'अरे ए' झाला. 'किसामा' हे सामुरायांच्या पत्रांतलं आदरार्थी संबोधन. आज ते तोंडावर फेकलं तर मारामारी व्हायची. 'कुन' ज्या अक्षरानं लिहितात त्याचा अर्थ स्वामी, राजा. शाळेत मात्र तो धाकट्या मुलांच्या नावामागे लागतो. संसदेत सभापती सदस्यांना 'कुन' म्हणूनच पुकारतात. 1993 साली ताकाको दोई कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला सभापती झाल्या आणि त्यांनी सरळ नेहमीचं आदरार्थी 'सान' म्हणायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर 'कुन' परत आलं.

हे सगळं ओझं उतरवून बरोबरीनं बोलण्यालाही शब्द आहे: 'तामेगुची'. 'गुची' म्हणजे तोंड, बोलणं. 'तामे' ही जुगाऱ्यांची बोली, दोन्ही फाशांवर सारखेच ठिपके पडले की म्हणायची. तिथून तो टवाळ पोरांच्या तोंडी आला आणि त्यांच्याकडून सगळ्यांच्या. सेम्पाइशी फारच गट्टी जमली तर तो म्हणतो, 'तामेगुचीत बोल रे.' पण हे म्हणायचा हक्क त्याचा, कोहाइनं आपणहून सुरुवात करायची नाही.