बांबूच्या सापळ्यात शिरलेला मासा बाहेर का येत नाही?

गोंदिया आणि शेजारचा भंडारा म्हणजे तलावांचे जिल्हे. इथल्या माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजेच ‘मामा तलावां’वर, ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतो. जाळे आणि गळाबरोबरच बांबूचा सापळा हेही मासे धरायचे जुने साधन.

सापळा कसा काम करतो?
बांबूच्या कामट्या दोरीने बांधून लांबट टोपली करतात. तोंड रुंद असते. तोंडाजवळच्या कामट्यांची टोके आतल्या बाजूला निमुळती होत जातात. पावसाळ्यात धानाच्या बांधीतून किंवा नाल्यातून वाहणाऱ्या पाण्यात तो लावतात. मरळ, शिंगीसारखा मासा सहज आत शिरतो. परतताना टोके आडवी येतात.

लहान मासे कसे सुटतात?
कामट्यांमधल्या फटींतून. किती मोठा मासा धरायचा, हे सापळा बांधतानाच ठरते. अलास्कातील त्लिंगिट लोकांच्या कोरीव लाकडी गळाचेही तसेच: त्याच्या मापामुळे फार लहान किंवा फार मोठा हॅलिबट मासा सहसा अडकत नाही.

मग धोका कशात आहे?
बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीत पिल्लेही अडकतात आणि पुढच्या हंगामाचा मासा आजच संपतो. सापळाही अंडी घालायला निघालेल्या माशांच्या वाटेत लावला, तर नुकसान तेच. म्हणून साधनाइतकीच ते लावण्याची वेळ महत्त्वाची.